रंग येईपर्यंत

बोरीहून परभणीला परतले तेव्हा माझ्या बाटल्या गच्चीवर, मावशींच्या लिंबाच्या लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत, उन्हाला बसवलेल्या होत्या. बुचांवरचं मेण खरवडून काढलं होतं आणि तोंडांना स्वच्छ धुतलेली फडकी बांधली होती. मी ठेवून गेले तेव्हा त्या बाटल्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल होत्या. आता आत तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी दिसत होतं. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"आलीस का?" मावशी जिना चढून वर येत म्हणाल्या. "तू गेलीस आन् लाइट गेली बघ. तूच मनली होतीस ना, याला उजेड लागतो मनून? मग म्या रोज उन्हाला लावल्या. लय वास मारायल्या होत्या. पळीनं हलवून घेतल्या, दोन-तीनमदी मीठ बी टाकलं. मीठ कमी पडलं की सडतंच."

मावशी म्हणजे माझी घरमालकीण. पोखर्णीच्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरातली बाई. नवरा गेल्यावर शेत बटाईनं लावून परभणीत एकट्या राहत होत्या. वरची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. आपण केवढं काम केलं या समाधानानं त्या माझ्याकडे बघत होत्या. मला ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडले असते तर बाटल्यांत काय आहे ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. "बरं केलंत," मी म्हणाले.

मी शेतकी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते, पदवीनंतरच्या वर्गात. माझ्या बरोबरीचे सगळे डाळींच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू घेऊन बसले होते. ते शेतकऱ्याच्या उपयोगाचे, सरकारच्या आवडीचे. मी हट्टानं चिखलातले लाल जिवाणू घेतले. हे उजेडावर जगतात. मात्र झाडासारखा प्राणवायू सोडत नाहीत. आणि भारी हिशेबी असतात. हवा मिळाली तर आपल्यासारखा श्वास घेऊन जगतात, रंगाच्या खटाटोपात पडतच नाहीत, पांढरट राहतात. हवा तोडली आणि थोडा उजेड दिला की मग अंगात उजेड धरायची जुळणी सुरू करतात. पेशीच्या पातळ पडद्यात इवलीशी प्रथिनं रोवली जातात आणि त्यांच्या आधारानं रंगाचे कण बसवले जातात. आधी मधलं केंद्र, जिथं उजेडाचं खरं काम होतं. त्याच्याबरोबर त्याला लागून असलेला वेढा. मग त्याच्या बाहेर आणखी जुळण्या, ज्यांचं काम फक्त उजेड गोळा करून आत पोचवणं. मांडवाचे खांब उभे राहिल्यावर कनात लागते तसं हे चालतं.

यात गंमत अशी की प्रथिन आणि रंग दोघांनी एकाच वेळी हजर व्हावं लागतं. प्रथिन आलं आणि रंग आला नाही, तर पेशी ते प्रथिन मोडून टाकते. रंग आला आणि त्याला धरायला कुणी नसलं, तर तो मोकळा रंग हवेत आणि उन्हात पेशीलाच जाळतो. आणखी एक गोष्ट मला फार आवडायची. उजेड जितका कमी, तितकी बाहेरची जुळणी जास्त. म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यातली बाटली खिडकीतल्या बाटलीपेक्षा गडद लाल होते. वर्गात हे कुणाला पटकन कळायचं नाही. आमच्या वाड्यातल्या पोरांना समजावून सांगावं लागलं नसतं.

माझ्या सरांचा या विषयावर पहिल्यापासून विश्वास नव्हता. सोमवारी बाहेरून एक मोठे परीक्षक येणार होते. पांढऱ्या पेशी लाल होताना दाखव, कोणती जुळणी आधी आणि कोणती मागून येते ते रंग मोजायच्या यंत्रावर दाखव, नाहीतर विषय बंद कर आणि सगळ्यांसारख्या गाठी घे, असं सरांनी सरळ सांगितलं होतं. नवा विषय म्हणजे सगळं पहिल्यापासून. माझी शिष्यवृत्ती त्याच वर्षी संपत होती. वडील बोरीच्या शाळेत शिपाई होते. त्यांच्या पगारावर घर कसंबसं चालायचं. विषय गेला म्हणजे शिक्षण गेलं, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

नामांतराच्या ठरावानंतरची ती वर्षं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून मराठवाड्यातली गावंच्या गावं दोन बाजूंना झाली होती. ज्यांचं नाव द्यायचं होतं त्यांची तसबीर आमच्या घराच्या भिंतीवर होती, म्हणजे आम्ही कोणत्या बाजूचे ते कुणाला विचारावं लागत नव्हतं. त्या आठवड्यात पुन्हा बंद पुकारला. महाविद्यालयाला कुलूप लागणार म्हणून सर म्हणाले, बाटल्या घरी ने. मी त्या खोलीत आणल्या, काठोकाठ भरून मेणानं बंद केल्या आणि कागदानं झाकलेल्या बल्बसमोर मांडल्या. हे काय, असं मावशींनी विचारलं. "मुरायलंय," मी म्हणाले. "उजेड लागतो याला." मराठवाड्यातल्या बाईला एखादी गोष्ट मुरतेय असं सांगितलं, तर तिला पुढचं शिकवावं लागत नाही. एवढंही माझ्या ध्यानात आलं नाही.

मग बोरीहून निरोप आला. आमच्या वाड्यावर दगड पडले होते. मी गेले, तर घराच्या पत्र्यावर खळगे पडलेले आणि आई दाराला आतून जातं लावून बसलेली. त्यानंतर एसट्या बंद झाल्या. खिडक्यांना जाळी ठोकलेली पहिली गाडी निघाली, तिच्यात बसून मी परतले होते.

त्या दुपारी मी बाटल्या खोलीत उतरवल्या. मीठ कोणत्या बाटल्यांत पडलं ते हळूच विचारून घेतलं, आणि लाल रंग परत यायला हवा एवढंच मावशींना सांगितलं. त्या गेल्यातच जमा होत्या. एका बाटलीला चक्क हिंगाचा वास येत होता. उरलेल्यांपैकी एकीत बुरशी तरंगत होती. बाकीच्या पांढऱ्या होत्या, पण पांढऱ्या म्हणजे मेलेल्याच असं नव्हे. रोज पळीनं हलवून मावशींनी त्यांना हवा पाजली होती. लाल होते त्यांतले पुष्कळ उन्हात जळाले असतील. जे वाचले ते रंग सोडून श्वासावर जगले असतील. असतील, असंच म्हणायचं. डोळ्यांना जिवंत पांढरं आणि मेलेलं पांढरं सारखंच दिसतं. बाटलीच्या तळाला उरलेलं गढूळ पाणी मी ताज्या खाद्यात मिसळलं, नव्या बाटल्या काठापर्यंत भरल्या, बुचं दाबली, मेणबत्तीचं मेण ओतलं. लाइट आली होती. बल्ब लांब ठेवला, कारण आता उजेड कमीच हवा होता. देव तारी त्याला कोण मारी, असं आई म्हणते. मी देव मानत नव्हते, म्हणून नुसतीच बसून राहिले.

शुक्रवारी सकाळी बाटल्या होत्या तशाच होत्या. खाली आले तर मावशी एका बरणीच्या तोंडाला फडकं बांधत बसलेल्या. गाड्या सुरू झाल्या म्हणे, आता लोणचं सेलूला जाणार. सेलूला त्यांची लेक दिलेली. तिला दिवस गेले होते आणि आईच्या हातच्या लिंबाशिवाय तिला घास उतरत नव्हता. गेला महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

मावशी लोणच्याची पळी कधी धूत नसत. पाणी लागलं की बुरशी धरते, म्हणून कोरड्या फडक्यानं पुसायची आणि पुढच्या बरणीत घालायची. म्हणजे माझ्या बाटल्यांतली पळी या बरणीत गेली होती. माझे लाल जिवाणू कुणाला बाधत नाहीत. मीठ आणि लिंबाचा आंबटपणा बहुतेक सगळ्यांना मारतो, हेही मला ठाऊक होतं. पण काही बाटल्या मी थेट चिखलापासून लावल्या होत्या, आणि नाल्याच्या चिखलात आणखी काय काय असतं याची खात्री कोण देणार? गप्प बसले तर माझी खोली, माझे बल्ब आणि माझा सोमवार शाबूत होता. गप्प बसायला शास्त्राचा आधारही होता. पण ते लोणचं खाणारी बाई पोटुशी होती.

"मावशी, ही बरणी नका पाठवू."

"कामून गं?"

"तुमी पळी तीच वापरली ना? माझ्या बाटल्यांतली?"

"पुसून घेतली की कोरडी. पाणी न्हाई लागू देत मी."

"बाटल्यांत चिखलाचं पाणी हाय, मावशी. नाल्यातल्या चिखलाचं, त्यात बारीक जीव असतात. पोटातल्या लेकराला काही झालं तर?"

मावशींचा हात थांबला. "मुरायलंय मनली होतीस ना तू? मला वाटलं काढा असंल, न्हाईतर आसव." मग त्यांनी विचारलं, "कुठल्या नाल्याचा चिखल?"

परभणीत नाल्यांना काय तोटा? महाविद्यालयामागचा म्हणाले असते तर विषय तिथंच मिटला असता. तो शब्द माझ्या जिभेवर आलाही होता. पण दोन दिवसांपूर्वी मी आमच्या पत्र्यावरचे खळगे हातानं चाचपून आले होते, आणि माझं डोकं मुळातच तापट.

"बोरीचा. आमच्या वाड्यामागचा."

"तुमचा वाडा मंजे?"

"बौद्धवाडा."

मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या, फडक्याच्या गाठीकडे बघत होत्या. खोली बघायला आले तेव्हा सरांच्या पत्नी बरोबर होत्या. "कोण मनायचं ही?" असं मावशींनी विचारल्यावर, मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या होत्या, "आमच्यातलीच समजा." त्यांनी ते चांगुलपणानं केलं, आणि मला त्या चांगुलपणाचा संताप यायचा.

"त्या बाई तर मनल्या होत्या..."

"त्या मनल्या. मी न्हाई मनले."

मावशींनी वर छताकडे पाहिलं. माझ्या बाटल्या बरोबर त्यांच्या डोक्यावर होत्या. "किती दिस लागतील तुझ्या रंगाला?"

"सोमवारी परीक्षक हायत. रंग न्हाई आला तर माझं शिक्षण बंद."

त्या उठल्या. बरणी उचलून परसात गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, "सोमवारपर्यंत कुनाला काय बोलू नको." मग परसातून कुदळीचा आवाज येऊ लागला. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. त्यांनी खड्ड्यात लिंबाच्या सगळ्या बरण्या रिकाम्या केल्या. नवरात्रात घातलेल्या, ज्यांना ती पळी कधी लागलीच नव्हती, त्यासुद्धा. चिखलासाठी एक बरणी पुरली असती. बाकीच्या माझ्यासाठी होत्या.

त्यानंतर मावशी वर आल्या नाहीत. एरवी दिवसातून दहा वेळा काही ना काही निमित्त काढून यायच्या, कधी हरभऱ्याची भाजी घेऊन, कधी नुसत्या पायांच्या दुखण्याची तक्रार घेऊन. आता जिन्याच्या खालच्या पायरीपाशी त्यांची पावलं यायची आणि परत जायची. मला कधी वाटायचं, आत्ता हाक मारतील आणि चालती हो म्हणतील. मग या बाटल्या घेऊन जायचं कुठं? गावात अजून बंदोबस्त होता, वसतिगृहाला कुलूप होतं. हलवल्या, बुचं सैल झाली, आत हवा गेली की संपलं. मी दार लावून बाटल्यांसमोर बसायचे आणि जिन्याकडे कान द्यायचे.

शनिवारी सकाळी महाविद्यालय उघडलं. यंत्र मोकळं होतं, पण एकदा उघडलेली बाटली वाया जाणार होती, म्हणून उधळपट्टी करून चालणार नव्हतं. एक बाटली घेऊन गेले आणि उघडली. डोळ्यांना ती पांढरीच दिसत होती. यंत्राचा काटा लालच्याही पलीकडे, जिथं आपल्या डोळ्यांना काही दिसत नाही तिथं नेला, तर मधल्या केंद्राच्या वेढ्याच्या जागी आलेख किंचित वर उचलला गेला. बाहेरच्या जुळणीच्या दोन्ही जागी काही नव्हतं. म्हणजे ते जिवंत होते आणि त्यांनी खांब रोवायला घेतले होते. मी यंत्रासमोर एकटी हसले. मग घाबरले, कारण कनात लागायच्या आत सोमवार आला तर अर्धवट काम बघून परीक्षक काय म्हणतील?

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा लाइट गेली. खोलीत मिट्ट अंधार. अंधारात हे जिवाणू जुळणी पुढे नेऊ शकत नाहीत. उजेड नाही, हवा नाही, मग बळ आणायचं कुठून? माझ्याकडे मेणबत्तीचा तुकडा होता, तो लावला, संपला. मी दार उघडलं, तर जिन्याच्या मधल्या पायरीवर कंदील जळत होता. काच राखेनं घासून लख्ख केलेली, तेल वरपर्यंत भरलेलं. रॉकेल तेव्हा रांगेत उभं राहून मिळायचं. खालून मावशींच्या खोकल्याचा आवाज आला.

"मावशी?"

"घे ना. कशाला बघत बसलीस? तुझे जीव मरायलेत तिथं."

त्या मधल्या पायरीपर्यंत आल्या होत्या, पुढे आल्या नव्हत्या. मी कंदील उचलला. मला त्यांचा राग आला होता, आणि मला त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. दोन्हींपैकी काहीच न करता मी कंदील आत नेऊन बाटल्यांसमोर ठेवला.

रविवारी दुपारी पाण्याला कोवळ्या कांद्याच्या पातीच्या मुळाशी असतो तसा गुलाबी रंग चढला. संध्याकाळपर्यंत तो गडद झाला. सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यातली बाटली सर्वांत गडद होती. मी ती हातात घेऊन बघायचा मोह आवरला.

सोमवारी परीक्षकांनी फार वेळ घेतला. त्यांनी स्वतः यंत्राचा काटा फिरवला. केंद्राच्या वेढ्याची जागा उंच दिसली, आणि त्याच्या शेजारी बाहेरच्या जुळणीच्या दोन जागा, शनिवारी ज्या सपाट होत्या, त्या आता डोंगरासारख्या उभ्या होत्या. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या बाटलीत त्या जास्त उंच होत्या. शनिवारचा आलेख शेजारी ठेवून ते बघत राहिले. सुरुवातीला रंगाचा मागमूससुद्धा नाही, इतक्या पांढऱ्या पेशी कशा मिळवल्या, असं त्यांनी विचारलं. "हवा दिली, सर. रोज हलवून. ऊनही दिलं," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. मग त्यांनी टेबलावरची पहिली बाटली नाकाशी नेली आणि गोंधळून सरांकडे पाहिलं. "हिंग?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "पुन्हा शुद्ध करून घ्या," परीक्षक म्हणाले, "पण विषय सोडू नका." सरांनी मान डोलावली, जणू विषय त्यांनीच दिला होता.

मी जवळजवळ धावत घरी आले. मावशी ओट्यावर उभ्या होत्या, वाट बघत.

"आला का रंग?"

"आला, मावशी. विषय ऱ्हायला माझा."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात कपाळाला लावले आणि पोखर्णीच्या दिशेला वळून नमस्कार केला. "नरसिंह पावला गं बाई. नारळ बोलले होते म्या, पोरीचा रंग येऊ दे मनून. तीन दिसांपसून घास न्हाई उतरला बघ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी पदरानं ते पुसलं.

मग त्या बाजूला सरकल्या, आणि त्यांच्या मागे ओट्यावर ठेवलेली माझी ट्रंक मला दिसली. ट्रंकेला नवी सुतळी नीट बांधलेली होती. वळकटी तिच्यावर. उरलेल्या बाटल्या गवतात गुंडाळून, एकही हलणार नाही अशा बेतानं, टोपलीत उभ्या लावलेल्या होत्या. वरचा जिना धुतलेला होता, अजून ओला होता.

"रिक्षा सांगितली हाय. येईलच आता," मावशी म्हणाल्या.

"माझं काय चुकलं, मावशी?"

"तुझं काय बी चुकलं न्हाई, पोरी. तू लय गुणाची हायस. पर मला या गल्लीत ऱ्हायचंय. सेलूच्या लोकांना तोंड दाखवायचंय."

चुकलं असं म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते, आणि भांडणात मी कुणाला हार गेले नसते. त्यांनी माझ्यासाठी उपास केला होता, आणि मी चढले होते त्या पायऱ्या धुतल्या होत्या. यांतलं काहीच खोटं नव्हतं, आणि म्हणून माझ्या अंगाची लाही लाही झाली. रिक्षा आली. रिक्षावाल्यानं ट्रंक चढवली. टोपली मी माझ्या हातानं उचलली आणि मांडीवर घेऊन बसले.

"नारळ फोडाल तेव्हा मला प्रसाद पाठवाल का, मावशी?" मी विचारलं.

मावशींनी मान खाली घातली. रिक्षा निघेपर्यंत त्यांनी ती वर केली नाही.